वरच्या खोलीतली होडी

सोमवार, ७ जुलै

पानशेतचा एक प्लॉट दाखवायचा खरा खर्च: डाव्या घोट्याचं हाड. कोल्हापुरी चपलांचा जोड. डावी हद्दीच्या दगडापाशी राहिली, उजवी आता एकटी काय करणार. पुण्याचं नवराबायको गिऱ्हाईक. मला उचलून गाडीत घालताना आपसात म्हणाले, जागा छान आहे पण स्लोप आहे. आणि सहा आठवडे. यातलं काहीच दलालीत लावता येत नाही.

नसरापूरच्या डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. पाय टेकायचाच नाही म्हणाले. बरं म्हणालो. डॉक्टरांना बरं म्हणायचं असतं.

चौघांनी खुर्चीत बसवून वरच्या खोलीत आणलं. नूतन जिन्याखालून ओरडत होती, अहो, वर चाललाय खरं, खाली कोण आणणार? लावणी चालू झाली की माणूस मिळायचा नाही. मी म्हणालो, आठ दिवसांत माझा मी उतरतो. बायकोला धंद्यातलं काय कळणार. वरची खिडकी रस्त्यावर आहे. एसटी खिडकीखालीच थांबते. वेल्ह्याला जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक विंझरला ह्या खिडकीखालून जातं.

आणि मला बघायचीसुद्धा गरज नाही. डोळे मिटून सांगतो, हा टेम्पो कोणाचा, जेसीबी रिकामा आहे का कामावरून आलाय, एसटी भोर डेपोची का स्वारगेटची. माणूस हॅलो म्हणाला की त्याचा भाव कळतो. दहावी नापास माणसानं तीस वर्षं जमिनीचा धंदा केला तो कशावर? कानावर. ह्या कानातून काही सुटत नाही.

बुधवार, ९ जुलै

शेफाली पुण्याहून आली. लेक एकुलती एक. पाय बघून रडली नाही, प्लास्टरवर पेनानं चित्र काढलं. होडी. कशाला, तर म्हणे तुम्हाला कळेल.

गावात मी सांगतो पोरगी सॉफ्टवेअरमध्ये आहे. खरं काम निराळंच आहे. व्हिडिओ गेममधली माणसं काय बोलतात ते ती लिहिते. तीन वर्षं पगार ह्याचाच. आता बंगळूरची कंपनी बोलावतेय. दोन आठवड्यांत कळवायचंय. संध्याकाळी चहा देताना विचारलं, पप्पा, मी जाऊ का?

मी डोंगराकडे बघितलं.

ही पद्धत आहे. सौद्यात जो आधी बोलला तो खाली आला. समोरचा विचारतो, शेवटचं काय? आपण डोंगराकडे बघायचं. तंबाखू असेल तर मळायची. शांतता कोणाला सोसत नाही. समोरचा आपणहून बोलायला लागतो आणि आपणहून खाली येतो. मोठमोठे बिल्डर आलेत खाली. ही तर घरची पोर.

नाही म्हणायचंच नाही. नाही म्हटलं की पोरं हट्टाला पेटतात. चार दिवसांत तीच म्हणेल, राहू दे पप्पा, इथंच बघते काहीतरी. मग खाटेखालचा बोर्ड काढायचा. भोरच्या पेंटरकडून आधीच करून घेतलाय. 'मानसिंग अँड डॉटर, जमीन खरेदी-विक्री.' डॉटर लाल रंगात.

शुक्रवार, ११ जुलै

प्लास्टरच्या आत खाज. केरसुणीची काडी घालतो. काडी आत राहिली.

शेफालीनं टीव्हीला गेमचा डबा जोडला. म्हणाली, पप्पा, तुम्ही माझं काम कधी बघितलंच नाही. हा एक गेम पूर्ण खेळा, मग आपण बोलू. ह्यातल्या एका माणसाचं सगळं बोलणं मी लिहिलंय. कोणाचं ते सांगणार नाही.

मी म्हणालो, पहिल्या वाक्याला ओळखतो. हसली.

गेमचं नाव 'अलीकडे'. मराठीत आहे, तिनंच आग्रह धरला होता म्हणे. बंदूक नाही, मोटार नाही. एक खोरं, एक नदी, पाणी चढतंय, गाव उठतंय. आपण काठावर जागे होतो तेव्हा स्वतःचं नाव आठवत नाही. हातात एका होडीचा दोर. लोक येऊन काय काय विचारतात आणि आपण उत्तर द्यायचं. बस.

ह्यात खेळायचं काय? हे तर माझं रोजचं ऑफिस आहे. उद्या संपवतो.

शनिवार, १२ जुलै, दुपार

रिमोट हाताला बसायला वेळ लागला. शेफाली त्याला कंट्रोलर म्हणते. सकाळभर नदीत पडत होतो. नूतन म्हणाली, इथंही घसरलात का?

आता जमलं. नाव न आठवणं सोयीचं आहे. जुनी भानगड अंगावर येत नाही.

एक मास्तर आला. म्हणाला, ह्या होडीची एकेक फळी कुजत गेली, एकेक बदलत गेलो. आता जुनी एकही राहिली नाही. मग ही होडी तीच का?

सोपं आहे. माझ्या जीपचं इंजिन बदललं, टप बदलला, सीट बदलल्या. आरसी बुक तेच. म्हणजे गाडी तीच. पण आरसी बुकाचा पर्यायच दिला नव्हता. मास्तर पुढे म्हणाला, आणि माणसाचं काय? त्याचं तर आरसी बुकही नसतं.

फालतू प्रश्न. उठून जाणार होतो. पाय.

दुपारभर ते डोक्यात राहिलं. जीप विकताना मी गिऱ्हाईकाला म्हणालो होतो, नवीच समजा.

रविवार, १३ जुलै

घाटाच्या पायरीवर एक मुलगी भेटली. शाळेतली असावी. म्हणाली, मला पलीकडे नेशील?

खाली तीन उत्तरं आली. 'चल.' 'थांब.' 'तुझं कोण आहे पलीकडे?' आणि वर एक बारीक पांढरी रेघ, ती आखूड होत जाते. वेळ संपतो आहे असं दाखवतात. घाई करायला लावायची जुनी ट्रिक. दुसरं गिऱ्हाईक वाटेवर आहे, असं मीही सांगतो.

मी रिमोट मांडीवर ठेवला आणि खिडकीतून डोंगराकडे बघितलं. रेघ संपली. पडद्यावर अक्षरं आली: तू गप्प राहिलास. तिनं ऐकलं.

बघा. गेमलासुद्धा पद्धत कळते.

मुलगी पायरीवर बसून राहिली. खाली यायची ही पहिली पायरी.

मंगळवार, १५ जुलै

हिर्डोशीची ठकुबाई आत्या पाय बघायला आली. दोन एसटी बदलून. पाय बघितला आणि टीव्हीसमोर बसली. तिला वाटलं सिरियल आहे.

पडद्यावर एक म्हातारी घर सोडत होती. होडीत तीनच वस्तू बसतील, कोणत्या घेऊ असं मला विचारत होती. पर्याय होते: जातं, पेटी, देव, तुळशीची माती, सुनेचा पाळणा. मी हिशेबानं पेटी म्हणणार होतो. आत्या म्हणाली, आरं थांब की. आमचं म्हायार धरणात गेलं तवा आय काय घिऊन निघाली ठावं हाय का? दाराची कडी. उपटून घितली. घर न्हाई, दार न्हाई, आन कडी वट्यात.

मग काय करायची ती कडी, मी विचारलं.

काय करायची! कवा कवा वाजवायची.

कडीचा पर्याय नव्हता. शेफाली दारात उभी राहून ऐकत होती, पळत जाऊन मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

मग घाटावरची मुलगी आली. मी गप्प. आत्या म्हणाली, ह्यो बोलत का न्हाई? मी म्हणालो, आत्या, तो म्हणजे मीच आहे. आत्या म्हणाली, त्येच इचारत्ये, तू बोलत का न्हाईस?

आत्याला पद्धत समजावून सांगण्यात अर्थ नाही.

बुधवार, १६ जुलै

आठ दिवस झाले. उतरून दाखवायचं ठरवलं. कठड्याला धरून, एका पायावर. दुसऱ्या पायरीवर खाली बघितलं आणि बसलो. पुढचा अर्धा तास वर जाता येईना आणि खाली जाता येईना. नूतन शेतावर, शेफाली तिच्याबरोबर. शेवटी बसल्या बसल्या मागे सरकत वर आलो.

घरात कोणी नव्हतं त्यामुळे हा प्रयत्न धरायचा नाही.

गुरुवार, १७ जुलै

लोक अशा गेमना नावं ठेवतात, पोरं बिघडतात म्हणतात. मीही ठेवायचो. आता अभ्यास झाला आहे म्हणून लिहून ठेवतो.

कीर्तनात महाराज विचारतात, बाबा रे, तू कोण? आपण मांडी बदलतो आणि आरतीची वाट बघतो. सिरियलमध्ये चूक दुसरा करतो, आपण सोफ्यावरून शिव्या देतो. इथे तोच प्रश्न विचारतात, पण उत्तर आपल्या अंगठ्याखाली असतं. काल मास्तर अलीकडच्या काठावरच राहिला. मीच ठेवला. त्याच्या जागी धान्याची पोती घेतली, कारण पुढे भाव येईल वाटलं. पुढे बाजारच नव्हता. आज होडी त्याच्या शाळेवरून गेली. पाण्याखाली फळा दिसत होता. शिव्या द्यायला समोर कोणी नाही. अंगठा माझा.

शेफालीला म्हणालो, मला मागे जाऊ दे, मास्तरला घेतो. ती म्हणाली, ह्यात मागे जाता येत नाही पप्पा, पुन्हा पहिल्यापासूनच खेळावं लागतं. म्हणजे बघा. तलाठ्याकडे गेलं तर सातबारावर फेरफार होतो. इथे फेरफार नाही. त्यामुळे माणूस बटण दाबायच्या आधी विचार करतो. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी बटणाआधी विचार केला.

किमतीला वाजवी आहे एवढंच म्हणेन.

ताट न्यायला आली तेव्हा शेफालीनं परत विचारलं. कंपनीचा मेल आलाय पप्पा, काय कळवू?

डोंगर ढगात होता. तरी त्या दिशेला बघितलं.

रविवार, २० जुलै

बाजीराव आला. माझा पार्टनर. पाय मोडल्यापासून साईट तोच दाखवतो, म्हणजे नुकसान चालू आहे. बाजीरावाचा दोष एकच, तोंड बंद राहत नाही. गिऱ्हाईकानं भाव विचारायच्या आत सांगतो, वर विहीर आटते हेही सांगतो.

म्हणाला, मला बी दे की खेळायला. शेफालीनं त्याला नवीन डाव लावून दिला. घाटावरची मुलगी आली, मला पलीकडे नेशील? प्रश्न संपायच्या आत ह्यानं 'चल' दाबलं. वर तोंडानं टीव्हीला म्हणाला, चल की बाय, त्यात काय इचारतीस, बस, पाय भिजंल, फुडं सरक.

मुलगी होडीत बसली. बाजीरावाशी काहीतरी बोलायला लागली. बोलणं लांबत चाललं. तेवढ्यात मला लघवीला लागली आणि वरच्याच मोरीपर्यंत न्यायचं चौघांचं काम नूतन आणि शेफालीला दोघींना करावं लागलं. परत येईपर्यंत बाजीराव डोळे पुसत होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, लई ग्वाड पोर हाय रं मानसिंग. आणि शेफालीकडे बघत राहिला.

बाजीराव लग्नातही रडतो, कोणाच्याही. त्याला बहुतेक सोपा डाव लावून दिला असणार.

मंगळवार, २२ जुलै

गेम संपवला! एका दिवसात म्हणालो होतो, जरा जास्त लागले. पण विंझर पंचक्रोशीत माझ्या वयाच्या दुसऱ्या कोणी संपवला असेल तर दाखवा.

शेवटी मुलगी तिसऱ्यांदा आली. म्हणाली, शेवटचं विचारते. नेशील?

'शेवटचं' हा शब्द ऐकायला मी आठ दिवस थांबलो होतो. हा शब्द आला म्हणजे समोरचा मोडला. मी रिमोट उशीखाली ठेवला. रेघ संपली. मुलगी उठली, चपला हातात घेतल्या आणि डोंगराच्या पायवाटेनं चालत निघाली. वळून बघितलं नाही. पडद्यावर: तिनं तुझं उत्तर ऐकलं.

मग मी एकटाच होडीनं पलीकडे गेलो. पलीकडे कोणी नव्हतं. नाव आठवलं नाही. पाणी, पाणी, आणि नावांची यादी वर सरकायला लागली.

शेफालीला हाक मारली. झाला म्हणालो, पूर्ण. ती खाटेवर बसली. म्हणाली, सांगा मग, माझं माणूस कोणतं? मी म्हणालो, मास्तर. नाही म्हणाली. म्हातारी? नाही. मग तो होडी दुरुस्त करणारा? नाही. मग म्हणाली, आणि ती मुलगी कशी वाटली?

ती? ती मध्येच निघून गेली. तिचं काम अर्धवट लिहिलंय कोणीतरी.

शेफाली खिडकीतून डोंगराकडे बघत राहिली. मला आतून बरं वाटलं. पोरगी पद्धत शिकली.

नूतन भाकरी घेऊन आली होती. ताट जरा जोरात ठेवलं.

मग शेफाली म्हणाली, पप्पा, शेवटचं विचारते. मी जाऊ का?

घरातही तोच शब्द! एका दिवसात दोन सौदे. मी गप्प बसलो, अगदी श्वाससुद्धा हळू घेतला. ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, बरं. आणि खाली गेली.

मिटलं. 'बरं' म्हणजे मिटलं. बोर्ड पुसून ठेवायला सांगायचा.

गुरुवार, २४ जुलै. अमावस्या

उद्यापासून श्रावण. खाली मटण शिजतंय, वास वर येतो, वाटी वर यायला वेळ लागतो. बाजीराव आणि मंडळी धरणाच्या अंगाला बसली असतील. मी वर.

शेफाली दोन दिवस कपाट आवरतेय. राहायचं ठरलं की माणूस आधी कपाट आवरतं. बॅगा बाहेर काढून झटकल्या. चांगली सवय.

मनात एकच खटकतंय. बाजीराव का रडला? त्या मुलीनं होडीत त्याला काय सांगितलं? मी गेम पूर्ण केला आणि मला माहीत नाही, ह्या बाजीरावाला माहीत आहे. हे बरोबर नाही. फोन करून विचारलं तर म्हणाला, त्ये सांगायचं नसतं, त्ये तुलाच न्यावं लागंल तिला.

पुन्हा पहिल्यापासून लावला. नूतन म्हणाली, संपला होता ना? म्हणून शेफालीकडून हेडफोन मागून घेतला. मोठा आहे, कान पूर्ण झाकतात. पावसाचासुद्धा आवाज येत नाही. खोलीत असून खोलीत नसल्यासारखं. बरं वाटलं.

शुक्रवार, २५ जुलै

ह्या वेळी मास्तरला घेतलं. पोती टाकली. म्हातारीला पाळणा घेऊ दिला. घाटावरच्या मुलीपर्यंत आलो आणि अंगठा दुखायला लागला म्हणून थांबलो.

खरं म्हणजे अंगठा दुखत नव्हता. बोलायची सवय नाही.

शेफाली वर आली, पायाशी बसली, प्लास्टरवरची होडी पुसट झाली होती ती पुन्हा गडद केली. काही विचारलं नाही. मीही नाही. आता विचारायचं काही शिल्लक नाही, असं मी समजलो.

शनिवार, २६ जुलै, सकाळ

चहा झाल्या झाल्या हेडफोन घातला. मुलगी म्हणाली, मला पलीकडे नेशील?

'चल' दाबलं.

होडी निघाली. ती पुढे बसली आणि बोलायला लागली. म्हणाली, माझ्या बाबांना आवाजावरून सगळं कळतं. कोणाची गाडी, कोण आलं, कोण गेलं. शाळेतून येताना मी ओढ्याच्या पुलावरूनच सायकलची घंटी वाजवायचे. ते कामात असायचे, मान वर करायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, आली. दिवसभरात ते माझ्याशी एवढंच बोलायचे. मी त्यासाठी पुलावरून वाजवायचे.

ओढ्याचा पूल. आमच्या घराअलीकडचा. घंटीला लाल टोपण होतं, मीच नसरापुरातून आणलं होतं.

होडी मध्यावर होती तेव्हा खोलीच्या दाराशी काहीतरी हललं. मी पडद्यावरची नजर न काढता हात वर केला. थांब जरा. ती अजून बोलत होती. पुढे म्हणाली, आता मी घंटी वाजवत नाही, विचारते. विचारल्यावर ते डोंगराकडे बघतात.

पलीकडे लागलो. उतरताना तिनं मला माझ्या विसरलेल्या नावानं हाक मारली. सगळ्या गेममध्ये माझं नाव तिला एकटीला माहीत होतं.

हेडफोन काढला. आता सांगायचंच. तोंडात शब्द जुळवले. जा. पण पोचल्यावर फोन कर. नको, आधी नुसतं जा. मग त्या बोर्डाचं सांगू, हसेल. आवाज दिला, शेफाली. परत दिला. तिसऱ्यांदा दिला.

नूतन वर आली. हात ओले होते. म्हणाली, कोणाला हाका मारताय? गेली ती. बंगळूरला. दारात उभी राहून येते पप्पा म्हणाली, तर तुम्ही नुसता हात वर केलात. मला म्हणाली, आई, हात तरी केला.

फोन लावला. तिनं लगेच उचलला. मागे गाडीचा खडखडाट. मी म्हणालो, जा.

ती म्हणाली, पप्पा, मी नसरापूरच्या पुढे आले.

एसटी आमच्या खिडकीखालीच थांबते. स्वारगेटची होती. मला ऐकू आली नाही.